आतली कडी

रेकॉर्डिंगवाल्याने कानांवरचा हेडफोन काढला आणि टेबलावर आपटला. "गाणं चांगलंय, बायांनो. आवाज तर आहेच आहे. पण सुरुवात मेलेली आहे. मेलेल्या सुरुवातीचं गाणं कोण ऐकतं? लोकांना दम नसतो हो."

थोरली माइकसमोर तशीच उभी, गळ्यात गिटार, चेहरा आंबट. सकाळपासून तिने त्या सुरुवातीच्या नाना तऱ्हा करून पाहिल्या होत्या. गिटारने सुरू करून झालं, नुसत्या आवाजाने झालं, गुणगुणूनही झालं. जमेना म्हणजे जमेना. धाकटी ड्रम वाजवायची. तिचं काम केव्हाच आटपलं होतं, आणि रिकामी बसली की तिचे हात शिवशिवायचे. ती उठून खोलीच्या जाड लाकडी दाराला टेकली आणि कंटाळून, लक्ष भलतीकडेच, बोटांच्या पेरांनी दारावर वाजवत बसली. दोन ठोके सावकाश. जरा थांबून तीन घाईचे. आणि शेवटी तळहाताने एक, जड. ठक, ठक... ठकठकठक... धप्.

रेकॉर्डिंगवाला खुर्चीतून उडालाच. "हे काय होतं? पुन्हा कर. अगं बघतेस काय, पुन्हा कर!"

धाकटीने पुन्हा केलं. थोरलीचा चेहरा पांढरा पडला.

"नाही," ती म्हणाली. "ते नाही घ्यायचं."

"का नाही?"

"ते आमच्या घरचं आहे."

"अहो ताई, घरचं आहे म्हणूनच तर त्यात जीव आहे!"

थोरलीने बहिणीचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर जिन्यात नेलं. दोघी तिथे हळू आवाजात भांडल्या. त्या का भांडल्या हे कळायला त्यांचा बाप माहीत हवा.

बाप सुतार होता. दारं बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने बसवलेलं दार बोटाने ढकललं तरी मिटायचं आणि आवाज म्हणून यायचा नाही. आणि या गुणी माणसाने स्वतःच्या घरातल्या एकूण एक दारांच्या आतल्या कड्या उपटून काढल्या होत्या. "घरात माणसं राहतात, चोर नाहीत," असं म्हणायचा. आता बोला! त्यामुळे तो पिऊन आला की आई दोघी पोरींना न्हाणीत ढकलायची, आणि धाकटी दाराला पाठ लावून खाली बसायची, पाय समोरच्या भिंतीला रेटायची. थोरली तिच्या डोक्यावरून दोन्ही हात दाराला लावायची. तीच त्यांची कडी.

बाहेर आई मार खायची. पट्ट्याने, लाकडाच्या फळीने, त्याच्या हाताला लागेल त्याने. आई पुरली नाही की तो न्हाणीच्या दारावर यायचा, आणि ते ठोके धाकटीच्या पाठीतून आत उतरायचे. पुढचा ठोका कधी येणार हे हळूहळू तिच्या पाठीला आधी कळायला लागलं. ठोका यायच्या आत पाय ताठ करायचे. एकदा अंदाज चुकला, तर डोकं नळावर आपटून पुढचा दात गेला. मोठेपणी लोक म्हणायला लागले, या पोरीचा ताल उपजत आहे. उपजत कसला डोंबलाचा!

दमला की तो पडायचा. घोरायला लागला की आई भिंत धरत धरत यायची आणि पेरांनी दारावर वाजवायची. दोन सावकाश, तीन घाईचे. म्हणजे मी आहे, तो नाही. मग आतून धाकटीने तळहाताने एक धप् द्यायचा. म्हणजे ऐकलं. त्यावर आई दाराला तोंड लावून म्हणायची, "झोपला. उघडा." जगातला सगळ्यात गोड आवाज कुठला असं धाकटीला विचारलं असतं, तर तिने तोच सांगितला असता.

आईचं मात्र एक होतं. दाराबाहेरून कुणी बोलावलं की तिचे पाय आधी उठायचे आणि डोकं मागून. दोनदा ती पोरींना घेऊन भावाकडे निघून गेली होती. दोन्ही वेळा बाप दाराशी येऊन रडला, "चुकलो गं, उघड," म्हणाला, आणि दोन्ही वेळा हिने उघडलं. मामा कपाळाला हात लावून बसला. तिसऱ्यांदा जायची वेळच आली नाही. एका संध्याकाळी बापाने तोंडावर हातोडी मारली. आईचा डावा डोळा गेला, उजव्याला अंधुक तेवढं उरलं. शेजाऱ्यांनी पोलीस आणले, बाप तुरुंगात गेला, आणि तिघी दूरच्या शहरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. भांडीकुंडी यायच्या आधी आईने दार बदलून घेतलं. जाड पत्र्याचं लोखंडी दार, आणि आत मनगटाएवढी कडी. ती कडी पहिल्यांदा सरकवली तेव्हा आई तिथेच खाली बसून रडली होती.

खूण तीच राहिली, फक्त बाजू बदलली. आता पोरी बाहेरून ठोठावायच्या, आतून आईचा धप् यायचा आणि कडी सरकायची. दाराला बघायचं भोक होतं, पण आईच्या डोळ्याला त्याचा काय उपयोग! ती कानावर चालायची.

"आई त्या खुणेवर दार उघडते," जिन्यात थोरली म्हणत होती. "ती काय गावभर वाटायची गोष्ट आहे?"

"तो तुरुंगात आहे."

"जन्मभर नाही राहणार."

"सुटेल तेव्हा खूण बदलू. ताई, ऐक ना. इतकी वर्षं ते ठोके मी पाठीवर घेतलेत. त्यातल्या एकाचं तरी काहीतरी चांगलं होऊ दे."

हे बोलताना धाकटीचा आवाज फाटला. थोरली काय करणार? लहानपणापासून तिचं या पोरीपुढे काही चाललं नव्हतं. तिने गिटारचा पट्टा नीट केला आणि आत जाऊन म्हणाली, "घ्या."

गाण्याचं नाव 'आतली कडी' आणि या दोघींचं नाव 'कडीकोयंडा'. पहिलंच गाणं, आणि काय चाललं म्हणता! आधी ठोके, मग धप्, मग थोरलीचा तो खरखरीत आवाज: "आतली कडी माझ्या हाती, ठोकत बस तू दारावरती." पंधरवड्यात सगळ्या शहराने ते डोक्यावर घेतलं. रिक्षावाले सिग्नलला थांबले की टपावर ठोकायचे. शाळेत बाकांवर, हॉटेलात टेबलांवर, दवाखान्याच्या रांगेत खुर्चीच्या पाठीवर, जिथे तिथे दोन सावकाश आणि तीन घाईचे, आणि पलीकडून कुणीतरी अनोळखी माणूस हसून धप् द्यायचा. लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, यातली कडी कोण आणि कोयंडा कोण? "मी अडकवते, ही अडकते," असं थोरली सांगायची आणि धाकटी तिला कोपर मारायची. स्टेजवर तर धाकटी अंगात आल्यागत वाजवायची. एका कार्यक्रमात काठी मोडून तिचं टोक तिच्याच गालात घुसलं. रक्त पुसलंसुद्धा नाही बाईने, तशीच वाजवत राहिली, आणि लोक वेडे झाले. तिला खरंच वाटत होतं की प्रत्येक धप् बापाच्या टाळक्यात बसतोय.

मग रेडिओवर मुलाखत झाली. विचारणारा गोड बोलणारा होता. "हे ठोके सुचले तरी कुठून?" त्याने विचारलं. थोरलीने काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, सुचले असेच. पण धाकटी त्या दिवशी हवेत होती.

"आमच्या घरची खूण आहे ती," ती म्हणाली. "आई अजूनही त्याच्यावरच दार उघडते. दुसऱ्या कुणाला नाही उघडत."

टेबलाखाली थोरलीने तिच्या पायावर पाय दिला, पण शब्द गेला तो गेलाच. "अय्या, किती गोड!" विचारणारा म्हणाला.

घरी आल्यावर जिना चढताना थोरली म्हणाली, "अक्कल गहाण टाकलीस का गं?"

पुढच्याच आठवड्यात थोरलीला फोन आला. बाप सुटला होता. वागणूक चांगली, म्हणून जरा लवकर. तुरुंगाच्या सुतारखान्यात काम करायचा म्हणे, आणि तिथे दिवसभर रेडिओ चालू असायचा.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी तिघींनी बसून नवी खूण ठरवली. एक लांब, चार छोटे. आईने मान डोलावली, दोनदा वाजवून दाखवली. पण शेजारची पोरं कसली ऐकतायत! जाता-येता त्यांच्या दारावर जुनीच वाजवायची आणि पळायची, आणि हातातली सुई तशीच ठेवून आई उठून दाराशी. एकदा तर धाकटी घरातच होती. तिने डोळ्यांनी पाहिलं. ठकठक झालं, आईचा तळहात दारावर पडला, दुसऱ्या हाताने कडी निम्मी सरकवली, आणि मग आई दचकून थांबली.

"आई!"

"अगं मी नाही गं, माझे पाय उठतात," आई रडवेली होऊन म्हणाली. "ती खूण ऐकली की मला वाटतं तुम्ही आत आहात आणि मी बाहेर."

शेवटी थोरलीने नियम केला. आधी फोन करायचा. फोन आला तरच दार, मग खूण कुठलीही असो. फोन आला नाही तर बाहेर कुणी मेलं तरी उघडायचं नाही. आईने शपथ घेतली.

दुसरीकडे घर शोधायचंही ठरलं होतं. पण वर्षातल्या सर्वात गाजलेल्या गाण्याचं बक्षीस त्यांना जाहीर झालं, तालमी आल्या, मुलाखती आल्या, आणि घर राहिलं. इमारतीखाली रोज पाचपन्नास पोरंपोरी उभी असायची, सह्या घ्यायला.

बक्षिसाचा कार्यक्रम दुपारचा होता. आईला पहिल्या रांगेत बसवायचं, हे धाकटीने हट्टाने ठरवलं होतं. आईने आजवर त्यांना स्टेजवर पाहिलं नव्हतं. पाहिलं म्हणजे ऐकलं. "ड्रायव्हरला पाठव," थोरली म्हणाली. "मीच जाणार," धाकटी म्हणाली. "आईला मी हाताला धरून आणणार." तिने हॉलवरून फोन केला. "आई, निघतेय. तयार राहा."

"तुमचे कपडे इस्त्री करतेय," आई म्हणाली. आवाज लाजरा, खूष. "ये लवकर."

ती निघाली तेवढ्यात दारातच लोकांनी गराडा घातला. इथे सही, तिथे फोटो, एक बाई तर लेकराला पुढे करून म्हणाली, हिला धप् शिकवा. धाकटीने शिकवला. तिला आवडायचं ते सगळं, का नाही आवडणार? गाडीत बसली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता.

इमारतीखाली आज गर्दी नव्हती. सगळी पोरं हॉलवर गेली होती. धाकटी दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली आणि दारावर वाजवलं. घाईत हातातून जुनीच खूण गेली. ठक, ठक... ठकठकठक.

आतून धप् आला.

धाकटी जागच्या जागी थिजली. आईचा हात लहान होता. तिचा धप् कडीच्या जवळ, खाली पडायचा, आणि चपटा वाजायचा. हा वरून आला होता. भरलेला, आणि अख्खा पत्रा थरथरला. जन्मभर वाजवून खाल्लेली पोर ती, माणूस दिसायच्या आधी तिला त्याचा हात ऐकू यायचा. आणि हा हात ओळखायला तर तिला ड्रम शिकायचीही गरज नव्हती. ती त्याच हाताखाली वाढली होती.

पळता आलं असतं. पण आत आई होती. कडी सरकली.

बाप वाळला होता. केस पिकलेले, दाढी गुळगुळीत, अंगात धुतलेला सदरा. पाहुण्यासारखा बाजूला होऊन म्हणाला, "ये." त्याच्यामागे इस्त्रीच्या टेबलाखाली आई भिंतीला टेकून बसली होती. वरचा ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता, चष्म्याचा चुरा झाला होता, आणि एका हाताने ती बरगड्या धरून श्वास घ्यायला बघत होती.

"दार चांगलं बसवलंय," बाप म्हणाला आणि बिजागरीवरून अंगठा फिरवला. "खालची जरा तिरकी आहे. कोणी बसवलं?"

"मला वाटलं तूच आलीस," आई जमिनीवरून म्हणाली. "फोन आला होता ना गं. मला वाटलं तूच."

"आईला सोड," धाकटी म्हणाली.

"नाहीतर काय, गाणं म्हणशील?" तो हसला. "चार दिवस तुझ्या त्या पोरांबरोबर खाली उभा होतो मी. बापाकडे बघून हसलीस पण एकदा. सही देऊ का विचारलंस."

धाकटीच्या मागच्या खिशात ड्रमच्या काठ्या होत्या. त्या कधी हातात आल्या तिलाही कळलं नाही. तिने दोन्ही एकत्र धरून त्याच्या तोंडावर मारल्या. बापाला मारायची आयुष्यातली पहिली वेळ. नाकाचं हाड मोडल्याचं तिला हातात कळलं, एक काठी तुटली, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती ओरडली. मग त्याची मूठ तिच्या पोटात बसली. ती वाकली. त्याने तिचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा, जसं खिळ्याचं डोकं बसवायचं तसं, न चिडता. डोळ्यांपुढे काळं झालं. खाली पडताना तिचा उजवा हात आधाराला चौकटीवर गेला, आणि बापाने ते मनगट तिथेच दाबून धरलं.

"याच हाताने ना?" तो म्हणाला. त्याच्या नाकातून रक्त तिच्या कपाळावर ठिबकत होतं. "याच हाताने माझ्या घरातलं बाहेर नेऊन विकलंस ना?"

"तुझं नाही ते. आईचं आहे."

"आईचं!" तो तिच्या कानाशी आला. "तुम्हाला काय वाटायचं गं, मी झोपलेला असायचो? एकदाही झोपलेलो नव्हतो. पडल्या पडल्या ऐकायचो. ठकठक करतायत, कुजबुजतायत. म्हणायचो, करा, खेळा जरा. उद्या आहेच."

चौकटीवर डोकं आपटलं तेव्हा झालं नव्हतं ते आता झालं. धाकटीच्या आत काहीतरी खचलं. सगळ्या लहानपणातून तिची स्वतःची अशी एकच गोष्ट होती, ती दाराआडची कुजबुज. तीसुद्धा त्याने ऐकली होती. ती ढसाढसा रडायला लागली आणि त्याने लोखंडी दार तिच्या बोटांवर लोटलं.

हाडं मोडली. तिची किंकाळी जिन्यात घुमली. त्याने दार उघडलं, बोटं पाहिली आणि पुन्हा लोटलं, या वेळी खांदा लावून. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा तिला त्याच्या मागे भिंतीतून वायर उपटल्याचा आवाज आला.

आई उभी होती. हातात इस्त्री होती, जुनी, जड बुडाची, अजून गरम. तिला नीट दिसत नव्हतं. पण त्याचा श्वास कुठून येतोय ते तिला जन्मभराच्या सवयीने पक्कं ठाऊक होतं. तिने दोन्ही हातांनी इस्त्री फिरवली. ती त्याच्या कानावर बसली. कातडं चरचरलं, घाण वास आला. तो वळला, आणि स्वतःच्याच टेबलाने लाथ घातल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. आईने दुसरी टाळूवर घातली. आवाज ओला आला. तो गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर आडवा झाला. आईने तिसरीसाठी हात वर नेला आणि तो तसाच ठेवून ती उभी राहिली.

"बाहेर हो," ती पोरीला म्हणाली.

"आई..."

"बाहेर हो म्हणते ना!"

तिने पोरीला उंबऱ्याबाहेर ओढलं, स्वतः बाहेर आली, दार ओढून घेतलं. दाराला बाहेरूनही कडी होती, कुलपासाठीची. आईने चाचपून ती शोधली आणि घातली. समोरच्या काकू दार किलकिलं करून बघत होत्या, तोंडावर हात.

"अहो, दवाखान्यात फोन करू का?"

"करा. पोरीचा हात मोडलाय," आई म्हणाली. "पोलिसांनाही करा."

"आणि आत..."

काकूंनी आईच्या हातातल्या इस्त्रीकडे पाहिलं आणि त्या फोन करायला आत गेल्या.

मग तो उठला. आधी दारावर पूर्वीचेच ठोके आले, मुठीचे, लाथेचे. धाकटी पाठ लावून दाराशी बसली, मोडका हात मांडीवर, पाय समोरच्या कठड्याला रेटून. कडी घातलेली होती, तिथे बसायची काही गरज नव्हती, पण ती बसली. प्रत्येक ठोका तिला आधी कळत होता. हळूहळू त्यांतला दम गेला. पत्र्याच्या खालच्या अंगाला काहीतरी घसरत गेलं. उंबऱ्याखालून रक्ताची एक बारीक धार बाहेर आली.

"उघड गं," आतून आवाज आला. आता तो दारातून नाही, खालून येत होता. "चुकलो मी. खूप रक्त जातंय. उघड."

धाकटीने आईच्या पायांकडे पाहिलं. अंगठे हलले. टाच उचलली गेली. पूर्वी दोनदा हेच शब्द होते आणि दोन्ही वेळा आईने उघडलं होतं. एका हाताने आपण तिला धरून ठेवू शकणार नाही हे तिला कळत होतं. आई पायऱ्यांकडे वळली, वरच्या पायरीवर बसली, पाय अंगाखाली घट्ट मुडपून घेतले आणि इस्त्री मांडीवर ठेवली.

फोन वाजला. डाव्या हाताने धाकटीने तो कसाबसा कानाला लावला. थोरली होती. "अगं कुठे मेलात? लोक थांबायला तयार नाहीत, ऐक!" आणि तिने फोन हॉलकडे केला असावा, कारण पलीकडून हजारो माणसांचे पाय आणि मुठी एकदम ऐकू आल्या. ठक, ठक... ठकठकठक. मग सगळे थांबायचे. धप् द्यायला धाकटी तिथे नव्हती. पुन्हा तेच, पुन्हा थांबायचे.

"ताई, तो इथे आहे," धाकटी म्हणाली. "आई बरी आहे. तू ये." तिने फोन खाली ठेवला.

तेवढ्यात पत्र्यावर, अगदी तिच्या पाठीशी, खाली, पेरांचा आवाज झाला. दोन सावकाश. मग फार वेळ काहीच नाही. मग तीन, घाईचे व्हायला हवे होते ते, पण एकेक करून आले, ताल सुटलेले. आणि त्यानंतर तो थांबला, वाट बघत.

आणि धाकटीचा डावा हात आपोआप वर गेला. तिने नेला नाही, तो गेला. लहानपणापासून त्या ठोक्यांना उत्तर द्यायचं एवढंच त्याला माहीत होतं. तळहात पत्र्यापासून बोटभर लांब होता तेव्हा आईने पायरीवरून वाकून, अंधारात सुई पकडावी तसा, तो नेमका पकडला. पकड घट्ट होती. खालून दवाखान्याच्या गाडीचा भोंगा जवळ येत होता, अजून दोन-तीन गल्ल्या लांब. आतून पुन्हा एकदा ठक आला, एकच.

"थांब," आई म्हणाली. "या वेळी खरा झोपू दे. मग उघडू."